सोलकर मास्तरांचा क्रेसेंडो

परवा टीव्हीवर मॅच चालू होती. शेवटची ओव्हर, अख्खं स्टेडियम बोंबलतंय, आणि कॉमेंटेटर म्हणाला, ‘द नॉइज हॅज रीच्ड अ क्रेसेंडो!’ माझ्या तोंडून आपसूक निघालं, ‘चूक!’ सोफ्यावरून माझी मुलगी म्हणाली, ‘व्हॉट चूक, बाबा? ही इज नॉट आउट.’ ती बहरीनच्या शाळेत वाढलेली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. तिला काय सांगणार? चूक अंपायरची नव्हती, शब्दाची होती. आणि ती पकडायचा हक्क माझा नव्हेच. मी साधा इलेक्ट्रिकल सुपरवायझर, वायर आणि फ्यूज यापलीकडे माझी अक्कल कधी गेली नाही. हक्क सोलकर मास्तरांचा.

अब्दुल गफूर सोलकर. दाभोळच्या खाडीकाठचे. चौदा वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून बहरीनला आले आणि आमच्या कन्स्ट्रक्शन कंपनीत पत्रव्यवहाराचे क्लार्क म्हणून चिकटले. गुदैबियात तिसऱ्या मजल्यावर कंपनीचा फ्लॅट होता, त्यातल्या एका खोलीत आम्ही दोघं. उंच, किडकिडीत माणूस. बनियनलासुद्धा इस्त्री. कानामागे लाल-निळी पेन्सिल, आणि उशाशी खाकी कागदाचं कव्हर घातलेली जाडजूड डिक्शनरी. मी पेणचा म्हात्रे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, ‘पेणचा म्हणजे गणपतीतला की पोह्याच्या पापडातला?’ मी म्हटलं, ‘पापडातला.’ ‘मग जमेल आपलं,’ म्हणाले. आणि खरंच जमलं. पाच वर्षं जमलं.

आमचा मॅनेजर कॉलिन साहेब. एकदा त्यानं सबकॉन्ट्रॅक्टरला झापणारं पत्र लिहून टायपिंगला दिलं. त्यात होतं, तुमच्याविरुद्धच्या तक्रारी आता क्रेसेंडोला पोचल्या आहेत. मास्तरांनी ते पत्र टाइप केलंच नाही. कागद घेऊन सरळ केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, ‘सर, वन कॅनॉट रीच अ क्रेसेंडो. वन कॅन ओन्ली बी इन इट.’ मी तिथं ट्यूबलाइट बदलायला स्टुलावर चढलो होतो. आता हा माणूस घरी जाणार, मी मनात म्हटलं. कॉलिननं चष्मा काढला. ‘सोलकर, इज इट माय लँग्वेज ऑर युवर्स?’

‘नायदर, सर,’ मास्तर म्हणाले. ‘इट इज इटालियन.’

कॉलिन इतका हसला की त्याला ठसका लागला. पत्र दुरुस्त होऊन गेलं. त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक पत्रावर मास्तरांची लाल पेन्सिल फिरायची आणि तो मुकाट्यानं सही करायचा.

संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, ‘कशाला हो नसती उठाठेव? एका शब्दापायी नोकरी घालवाल.’

‘अरे बाबा, क्रेसेंडो म्हणजे वाढत जाणं. संगीत लिहिणारे लोक कागदावर दोन रेघा काढतात, एका टोकाशी मिटलेल्या आणि पुढं उघडत गेलेल्या. म्हणजे इथून आवाज हळूहळू वाढवायचा. ती चढण आहे, माथा नव्हे. तू कुंभार्ली घाटाला घाटमाथा म्हणशील का?’

‘मी कशालाच काही म्हणत नाही. भात लावू का?’

गंमत म्हणजे मास्तरांना सुराचं काडीचं अंग नव्हतं. अंघोळीला गुणगुणले तरी शेजारचा पठाण भिंत ठोकायचा. मग हा शब्द त्यांच्या इतका जिव्हारी का? ते त्यांनी मला एका शुक्रवारी झल्लाकच्या किनाऱ्यावर सांगितलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी शाळेच्या गॅदरिंगला त्यांनी आभाराचं भाषण इंग्रजीत ठोकलं, आणि त्यात म्हणाले, मुलांचा उत्साह क्रेसेंडोला पोचला आहे. पाहुणे म्हणून आलेले वसईचे शिक्षणाधिकारी दर रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे. त्यांनी परत माइक मागून घेतला आणि भर सभेत चूक समजावून सांगितली. ‘महिनाभर पोरं मला बघून क्रेसेंडो, क्रेसेंडो ओरडत होती रे. मुख्याध्यापकसुद्धा हसले. मग मी तालुक्याला जाऊन ही डिक्शनरी आणली. अपमान झाला खरा, पण शब्द मिळाला.’ हे सांगताना वीस वर्षांपूर्वीच्या त्या पोरांवर ते अजून चिडलेले होते.

त्या एका शब्दाचं सगळं खानदान त्यांनी शोधून काढलं होतं आणि ते मला जिन्यात भेटायचं. आमच्या इमारतीची लिफ्ट कायम बंद. ऑफिसातून आलो की तीन मजले चढायचे. पहिल्या मजल्याच्या वळणावर मास्तर थांबत, कठड्याला हात लावत आणि म्हणत, ‘काँक्रीट. एकत्र वाढलेलं. क्रेसेंडोचा सख्खा भाऊ.’ दुसऱ्या वळणावर, ‘क्रू. म्हणजे मदतीला वाढवलेली माणसं.’ तिसऱ्यावर, ‘रिक्रूट, नवी वाढलेली कुमक. आपली कंपनी या एका लॅटिन धातूवर उभी आहे, म्हात्रे. इन्क्रिमेंट तेवढं देत नाहीत, तेही याच घरातलं.’ हातात भाजीच्या पिशव्या घेऊन मी वैतागून उभा. ‘मास्तर, वर जाऊन सांगा की!’

‘शब्द वळणावरच लक्षात राहतो,’ ते म्हणत.

ईदच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चंद्र बघायला गच्चीवर गेलो. म्हणजे चार वळणं. चारही ठिकाणी थांबले. वर पोचल्यावर खांबाला टेकून त्यांनी ती बारीकशी कोर दाखवली. ‘क्रेसेंट. वाढत जाणारी. ही सगळ्यांत थोरली बहीण.’ त्यांच्या कपाळावर घाम होता. बहरीनच्या दमट हवेत कुणाला घाम येत नाही? मला काही वाटलं नाही. आज त्याची शरम वाटते. पाच वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी झोपलो आणि तो वळणावर का थांबतो ते मला कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी आमच्या खोलीत गर्दी. रत्नागिरी-रायगडची कोकणी पोरं, कुणी गवंडी, कुणी पेंटर, कुणी फिटर. पत्र लिहिणं जमायचं नाही. गावात फोन एकच, तोही वाण्याच्या दुकानात, बायकोशी बोलायचं तर दहा गिऱ्हाइकं कान टवकारून. म्हणून कॅसेट. माझा टू-इन-वन मधे ठेवायचा आणि त्यात बोलायचं. भरलेली कॅसेट सुटीवर जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती गावी, आणि तिकडची तशीच इकडे. मास्तर हे सगळं शिस्तीत करून घेत. आधी वडीलधाऱ्यांना नावं घेऊन सलाम. रडायचं नाही. आजारपण सांगायचं नाही. ‘तुझा ताप ऐकून ती तिकडे काय करणार? उगाच जिवाला घोर.’ आणि सगळ्यांत महत्त्वाचं, प्रश्न विचारला की गप्प बसायचं.

‘आईचे गुडघे कसे आहेत, असं विचारलंस ना? मग आता थांब. तिला बोलू दे.’

टेप नुसती फिरत राहायची आणि तो गवंडी मशीनकडे बघत बसायचा. मला आधी हसू यायचं. म्हटलं, काय पोरखेळ आहे! मग एकदा एक पेंटर त्या रिकाम्या वेळात मान डोलवताना दिसला, हो हो, बरं बरं, असा. त्यानंतर मी कधी हसलो नाही.

मास्तर स्वतः झुलेखावहिनींना महिन्याला एक कॅसेट पाठवत. ती धडधडीत खोटी असे. तब्येत ठणठणीत, जेवण फर्मास, म्हात्रे गुणी मुलगा आहे. एकदा म्हणाले, ‘आता लिफ्टसुद्धा चालू झाली.’ मी मोरीतून ओरडलो, ‘कधी हो?’ माझा आवाज टेपवर गेला आणि त्यांना सगळं पुन्हा बोलावं लागलं. दिवसभर माझ्याशी अबोला.

कॅसेटवर नाव लिहायचं नाही अशी सगळ्यांची रीत होती. बाईमाणसाचं नाव परक्या हातांतून जाऊ नये म्हणून. प्रत्येक घराची एक खूण. कुणाचा तारा, कुणाचा मासा. मास्तरांची खूण अर्थातच त्या दोन रेघा, डावीकडे मिटलेल्या आणि उजवीकडे उघडलेल्या. ‘घरी जाणारं ते वाढत जाणारं,’ म्हणायचे.

सखीरला तेव्हा आमचं काम चालू होतं. विद्यापीठाच्या नव्या इमारतींपैकी एकीचं वायरिंग माझ्याकडे. एका दुपारी मास्तर सहीचे कागद घेऊन साइटवर आले. मी दुसऱ्या मजल्यावर. जिन्याला अजून कठडा नव्हता. ते अर्ध्यात थांबलेले दिसले, म्हणून मी वरून चेष्टेनं ओरडलो, ‘काय मास्तर, आज कुठला शब्द?’

त्यांनी वर बघितलं. तोंड उघडलं. शब्द आला नाही. मग ते पायरीवर बसले आणि बसल्या बसल्या कलंडले.

साइटच्या पिकअपमधून मी त्यांना मनामात आणलं. दवाखान्यात एक मल्याळी डॉक्टरीणबाई होत्या, वयानं लहान, बोलायला मऊ. त्यांनी मास्तरांच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग ती माझ्या कानांत घातली. लाकूड करवतावं तसा आवाज येत होता. हळू सुरू होऊन वाढत जाई, मग उतरे. पुन्हा वाढे, पुन्हा उतरे. बाईंनी चिठ्ठीवर लिहिलं, क्रेसेंडो-डिक्रेसेंडो मर्मर, आणि शेजारी पेननं आकृती काढली. उघडत जाणाऱ्या दोन रेघा आणि लगेच मिटत जाणाऱ्या दोन. आमच्याकडच्या शंकरपाळ्यासारखी.

मास्तरांनी चिठ्ठी हातात घेतली, आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाचा चेहरा उजळला. ‘म्हात्रे, बघ! बरोबर वापरलाय! बाई, इतक्या वर्षांत हा शब्द बरोबर वापरणाऱ्या तुम्ही पहिल्या.’

बाईंना मराठी कळत नव्हतं. त्या हिंदीत समजावू लागल्या. हृदयाची झडप आवळली आहे, रक्ताला बाहेर पडायचा दरवाजा चिंचोळा झाला आहे. आवाजाची चढण जितकी लांब तितका दरवाजा अरुंद, आणि तुमची चढण फार लांब झाली आहे. ऑपरेशन करावं लागेल, आणि ते लगेच.

‘दोन वर्षांनी केलं तर?’ मास्तरांनी विचारलं.

‘दो साल? मास्टरजी, मैं दो महीने का भरोसा नहीं दे सकती.’

घरी आलो. त्या दिवशी प्रत्येक वळणावर ते थांबले आणि एकही शब्द सांगितला नाही. तिसऱ्या वळणावर मीच विचारलं, ‘किती दिवसांपासून होतंय हे?’

‘काँक्रीटपासून,’ ते म्हणाले. म्हणजे तीन वर्षांपासून.

मी भडकलो. वाट्टेल ते बोललो. ‘उद्याच्या उद्या तिकीट काढा. मरायचंय का इथं, या खुराड्यात?’

‘ओरडू नको. चार महिन्यांनी माझ्या व्हिसाचं मेडिकल आहे. तोवर कुणाला कळता कामा नये. मेडिकलला काय करायचं ते तेव्हा बघू.’

‘अहो पण का?’

‘रुबिनाची दोन वर्षं राहिलीत.’ रुबिना त्यांची मुलगी, एकुलती एक. डॉक्टरकी शिकत होती. त्यांच्या मोहल्ल्यातून बारावीच्या पुढं गेलेली पहिलीच. ‘मी इथून उठलो की तिचं कॉलेज बंद. माझे चुलते टपलेलेच आहेत तिचं लग्न लावायला. आज आजारी म्हणून घरी गेलो तर उद्या मला खाटेवर बसवून तिचा निकाह लावतील, बापाच्या डोळ्यांदेखत होऊ दे म्हणून. दोन वर्षं, म्हात्रे. फक्त दोन वर्षं हे शरीर ढकलायचंय.’

माझं लग्न झालं नव्हतं, मला मुलगी नव्हती. मी फक्त म्हटलं, ‘आणि नाही ढकललं गेलं तर?’ ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन टूम काढली. तालुक्याच्या गावी त्यांचा शाळासोबती डॉक्टर होता. मास्तर त्याला बाळ्या म्हणत. ‘या बाई तरुण आहेत, घाबरतात. बाळ्यानं तीस वर्षं छात्या ऐकल्यात. त्याला माझा आवाज पाठवू. तो म्हणेल, दोन वर्षं काही होत नाही.’ बुडता माणूस दिसेल त्याला हात घालतो, तसं चाललं होतं. मला ते दिसत होतं आणि तरी मी सूकमधून, तिथल्या बाजारातून, स्टेथोस्कोप आणला. चूक माझीच.

दुपारी एसी बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. घरघर नको म्हणून. नळी कापून मी माइकला बसवली आणि वरून इन्सुलेशन टेप गुंडाळली. मास्तर उघड्या छातीनं खाटेवर बसले, नळीचं टोक स्वतःच्या हातानं दाबून धरलं. घामानं आम्ही दोघं निथळत होतो. कॅसेटच्या दोन्ही बाजू भरल्या, एक शब्द न बोलता. मधेच त्यांचे डोळे भरून आले, पण हुंदका दिला नाही. टेपवर येईल म्हणून.

आमच्यातला हमीद गवंडी सुटीवर निघाला होता. त्याच दिवशी मास्तरांनी वहिनींचीही कॅसेट भरली, नेहमीसारखी ठणठणीत. दोन्ही कोऱ्या कॅसेट एकाच डझनातल्या. वहिनींच्या कॅसेटवर उघडत जाणाऱ्या रेघा काढल्या, डॉक्टरच्या कॅसेटवर मिटत जाणाऱ्या. हमीदच्या खोक्यात वहिनींची कॅसेट कापडांबरोबर आणि डॉक्टरची बामच्या बाटल्यांबरोबर बांधायची, हे काम माझ्याकडे. मी खोक्याच्या पलीकडे बसलो होतो, कॅसेट मास्तरांच्या बाजूनं सरकवलेल्या. उघडत जाणाऱ्या रेघा पलीकडच्या बाजूनं बघितल्या की मिटत जाणाऱ्या दिसतात, एवढी साधी गोष्ट. ड्रॉइंग वाचून पोट भरणाऱ्या माणसाला कळू नये! मी खोकं बांधलं, नायलॉनच्या दोरीला चांगल्या चार गाठी मारल्या आणि हमीद विमानात बसला.

तीन आठवड्यांनी दापोलीकडचा एक जण सुटीवरून परतला. त्याच्या हाती एक चिठ्ठी आणि एक कॅसेट. चिठ्ठी बाळ्या डॉक्टरची. मास्तरांनी मोठ्यानं वाचायला घेतली.

‘गफूर, तू ठणठणीत आहेस आणि बहरीनचा पापलेट आपल्या पापलेटपुढं काहीच नाही, हे मला अर्धा तास ऐकवल्याबद्दल आभारी आहे. शेवटी झुलेखा असं नाव आलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तसाच स्कूटरवरून तुझ्या घरी गेलो. वहिनी टेप समोर घेऊन बसल्या होत्या. रुबिना सुटीला आलेली होती. मी तिथंच ऐकलं. पहिल्या विमानानं निघ. तुला दोन वर्षं पाहिजेत हे तुझ्या त्या मल्याळी डॉक्टरीणबाईंनी मला फोनवर सांगितलं, हमीदला दवाखाना विचारून मी नंबर शोधून काढला. दोन वर्षं विसर.’

चिठ्ठी त्यांच्या हातातून खाली पडली. ‘म्हात्रे,’ ते म्हणाले, ‘काय करून बसलास रे हे!’ दोन्ही हात डोक्यावर. मी मेल्याहून मेलो. मी कॅसेट मशीनमध्ये घातली.

आधी रीतीप्रमाणे सलाम. मग वहिनींचा आवाज, सावकाश, एकेक शब्द मोजून.

‘तुमची कॅसेट गावली. सगली आयकली, दोनी बाजू. येवड्या वर्सांत ह्या पयल्या येलेस तुमी एक पन खोटा बोलला नाय.’

मास्तरांनी डोळे मिटले.

‘रुबिनानं पन आयकली. आयकून भायेर जाऊन बसली. मंग आत येऊन बोलली, माज्या कॉलेजासाटी बाप मेला तर मी डॉक्टर होऊन कोनाला तोंड दाकवू? चुलत्यांची फिकर तुमी करू नका. त्यांना मी बगतंय. माजी पोर हाय. तुमी कदी येताव?’

आणि मग गप्प. टेप फिरत राहिली. त्यांनीच घालून दिलेली रीत त्या पाळत होत्या.

मास्तर मशीनकडे बघत होते. मग वाकून, माइक बंद असताना, अगदी हळू म्हणाले, ‘येतो.’

शनिवारी त्यांनी राजीनामा टाइप केला, एक अक्षर न चुकता. पण पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली मंदूबकडे, म्हणजे सरकारदरबारी खेपा घालणाऱ्या माणसाकडे. तो म्हणाला, ‘बुक्रा, इंशाल्ला.’ उद्या. दुसऱ्या दिवशीही बुक्रा. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. मास्तर रोज दोन जिने चढायचे, बुक्रा ऐकायचे आणि उतरायचे. मी सांगितलं, मी जातो, तुम्ही झोपून राहा. मंदूब म्हणायचा, ज्याचा पासपोर्ट त्यानंच यायचं. अकरा दिवस! बाराव्या दिवशी मी कॉलिनच्या केबिनमध्ये न विचारता घुसलो आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं ओकलो. त्याला मास्तरांच्या दुखण्याचं काहीच माहीत नव्हतं. तो उठला, तसाच मंदूबच्या टेबलाशी गेला, आणि पासपोर्ट घेऊन परत आला. दहा मिनिटांचं काम होतं हो! दहा मिनिटांचं. अजून आठवलं की डोकं फिरतं.

कॉलिन स्वतः त्यांना गाडीनं मुहर्रकच्या विमानतळावर घेऊन आला. मी मागे बॅगा धरून. तो मास्तरांचा हात हातात घेऊन एवढंच म्हणाला, ‘हू विल करेक्ट मी नाउ?’ मास्तर म्हणाले, ‘कीप द पेन्सिल, सर,’ आणि कानामागची पेन्सिल काढून दिली.

मला त्यांनी काही दिलं नाही. डिक्शनरी बरोबर नेली, रुबिनासाठी. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘तुझ्यावर फार रागावलो होतो, म्हात्रे. आता नाही.’ मग काचेच्या पलीकडे गेले. पंधरा-वीस पावलांवर थांबले, वळण नव्हतं तरी थांबले. मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि बोटानं हवेत दोन रेघा काढल्या. त्यांच्या बाजूनं त्या उघडत जाणाऱ्या होत्या. मी काचेच्या अलीकडे उभा होतो. मला त्या मिटत गेलेल्या दिसल्या. मी हात हलवला. मला दिसलेले मास्तर हे शेवटचे.

महिन्याभरानं हमीद सुटीवरून आला. आल्या आल्या माझ्या हातात कॅसेट ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. कॅसेटवर त्या दोन रेघा. मी एसी बंद केला, का कोण जाणे, आणि बटण दाबलं. वहिनींचा आवाज. पहिल्यांदा मला सलाम, मग माझ्या आईला, तिचं नाव घेऊन. नाव मास्तरांनी सांगितलं असणार.

‘म्हात्रेभाव, मुंबैच्या हास्पिटलाची तारीक गावली व्हती. त्याच्या आदीच गेले. सांजचे अंगनात खाटेवर बसले व्हते, रुबिनाला कसला तरी शबद समजवीत व्हते. तुमी जीवाला लावून घेव नका. तुमच्या हातान चूक झाली म्हनून माला नव दिस गावले. नायतर येक पन नसता गावला.’

मग विचारलं, ‘तुमी बरे हाव ना?’

आणि त्या थांबल्या. टेप फिरत होती. अशा वेळी ठणठणीत म्हणायचं असतं, रडायचं नसतं, हे मला पाठ होतं. मी तोंड उघडलं, आणि हमसून हमसून रडलो. वहिनी तिकडे गप्प बसून ऐकत होत्या.